एका फेरीत तेवीस वेळा

गोव्यातलं चोडण बेट ही माझी सासुरवाडी. २०२३ च्या चवथीला आमची नवी म्हणजे सेकंडहँड गाडी घेऊन पहिल्यांदाच तिकडे निघालो होतो. रायबंदरहून निघालेली फेरीबोट पलीकडे लागली तेव्हा ओहोटी होती. धक्क्याचा उतार ओला आणि खालच्या भागावर हिरवं शेवाळ. पुढच्या स्कूटरी भुर्रकन वर गेल्या. मी ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन गुरगुरलं आणि लगेच तोंडावर उशी दाबावी तसा त्याचा आवाज बसला. समोर एक पिवळा त्रिकोण लुकलुकायला लागला. घाबरून मी आणखी दाबला. त्रिकोण लुकलुकतच राहिला, गाडी तसूभर हलेना. मागचा पिकअपवाला हॉर्न देतोय, बायको खिडकीची काच वर घेतेय. फेरीवरचा खलाशी ओरडला, "पात्रांव, पांय सोड! पांय सोड!" सोडला. मग नुसता अंगठा टेकवल्यासारखा दाबला, आणि गाडी मुकाट वर चढली.

गाडीत बिघाड आहे असं समजून मी दुसऱ्याच दिवशी म्हापशाच्या आमच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गाडी शहाणी आहे." पुढचं वाक्य त्याने गिळलं.

तो त्रिकोण म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोलचा, चाकं घसरायला लागली की इंजिनाला आवरणाऱ्या यंत्रणेचा दिवा. त्याची आणि माझी नीट ओळख व्हायला पुढे सव्वा वर्ष गेलं आणि त्यासाठी चेन्नईच्या रेसट्रॅकवर जावं लागलं. गोव्यातून अशा गोष्टीसाठी जायचं तर कागद कोणते, खर्च किती, तिथे नेमकं काय होतं, हे मला आधी कुणीच धड सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

गाडी बीएमडब्ल्यू झेड-फोर, २०११ ची. तीन लिटरचं इंजिन, ३०६ अश्वशक्ती, दोनच सीटा आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. मी आणि माझा साखळी गावचा आतेभाऊ, अर्धी-अर्धी. मी सीए, त्याचं हार्डवेअरचं दुकान. दोघांपैकी एकट्याला ती परवडली नसती, आणि दोघांच्याही बायकांच्या मते ती तशीही परवडलेली नाही. पुण्याहून आणली, आरटीओच्या फॉर्म २८ ची एनओसी, मग मालकी बदलायचे २९ आणि ३०, असं करत म्हापशाचा जीए-०३ चा नंबर मिळायला सात आठवडे लागले. ते पुराण वेगळं.

आतेभावाचा डोळा पहिल्यापासून गिअरच्या दांड्याजवळच्या एका बटणावर. 'डीटीसी' लिहिलेलं, म्हणजे डायनॅमिक ट्रॅक्शन कंट्रोल. एकदा दाबलं की यंत्रणा थोडी सैल होते, दाबून धरलं की बंद. "दादा, किती सेकंद धरायचं रे?" हा प्रश्न त्याने मला किमान पन्नास वेळा विचारला असेल. एका रात्री मोपा विमानतळाच्या नव्या रस्त्यावर त्याला ते करून बघायचं होतं. मी चावी काढून खिशात घातली. सार्वजनिक रस्त्यावर नाही, हे दोघांनी तिथेच ठरवलं. गोव्यात कायमस्वरूपी रेसट्रॅक नाही. आम्हाला ठाऊक असलेले म्हणावेत तर कोइम्बतूरचा कारी आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट. कारी २.१ किलोमीटरचा आणि अरुंद वाटला. चेन्नईचा ३.७ किलोमीटरचा, बारा वळणांचा. १९९० पासून चालू असलेला. तोच धरला.

२०२४ च्या दसऱ्याला गाडीची पूजा झाली आणि त्याच आठवड्यात एका आयोजकाकडे शनिवार, ७ डिसेंबरच्या ट्रॅक डेसाठी नाव घातलं. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. वेळ मोजत नाहीत, नंबर काढत नाहीत. पैसे भरून आपलीच गाडी वीस-वीस मिनिटांच्या सत्रांत चालवायची. फी १४,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, एकूण १६,५२०. शेजारी बसणारा प्रशिक्षक हवा तर आणखी ५,०००. हे पाच हजार वाचवायचा मोह होईल. वाचवू नका.

कागदांची यादी आली. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी, रक्तगट, डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर हमीपत्र. डॉक्टरने तीनशे रुपये घेऊन सर्टिफिकेट दिलं, ते परत आलं. रक्तदाब लिहिलेला नाही आणि नोंदणी क्रमांकाचा शिक्का नाही. दुसऱ्या फेरीत काम झालं, पण मधे आठवडा गेला, कारण डॉक्टर दिवाळीला गावी. तेव्हा पहिल्यांदाच या दोन गोष्टी मागून घ्या.

हमीपत्र मी ऑफिसात टाइप करून घरी आणलं. अडीअडचणीला संपर्क म्हणून बायकोचं नाव आणि तिचीच साक्षीदार म्हणून सही हवी होती. तिने चष्मा लावला आणि चार पानं ओळीवर बोट ठेवून वाचली. 'मृत्यू अथवा कायमचं अपंगत्व' इथे बोट थांबलं. पेन्सिलीने तिने त्याखाली रेघ मारली. काही बोलली नाही. जेवण झाल्यावर सही केली आणि विचारलं, "विमा आहे ना?"

तोच मुद्दा अडचणीचा होता. आपल्या खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या अटी असतात. त्यात शर्यत, वेगाची चाचणी वगैरे गोष्टी सरळ वगळलेल्या असतात. आमच्या एजंटने पॉलिसी उलगडून ती ओळ दाखवली. म्हणजे ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर खर्च आपला. मी बायकोला खरं ते सांगितलं. त्या रात्री घरात फार शांतता होती. माझा जीवन विमा मी वेगळा तपासून घेतला, तुम्हीही घ्या.

नोव्हेंबर गाडीवर गेला. मिस्त्रीने सगळ्यात आधी ब्रेकचं तेल बदलायला लावलं. डॉट-फोर तेल हवेतला ओलावा शोषतं. नवं तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं, आणि उकळलं की पेडल खाली बुडतं. चार पावसाळे आपल्या हवेत काढलेल्या तेलावर ट्रॅकला जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं त्याचं म्हणणं. खर्च २,४००. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो, आठवडा आणि वर्ष; आमचे ३२२१ निघाले, म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. चालतील म्हणाला. हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारं, ४,८००.

सगळं तयार, आणि नोव्हेंबरच्या शेवटी फेंगल चक्रीवादळ तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आलं. ट्रॅक डे रद्द. गोव्यात आपण डिसेंबरात पाऊस विसरलेले असतो. तिकडे तर ऑक्टोबर ते डिसेंबर हाच खरा पावसाळा, हे मला सुचलंच नव्हतं. पैसे परत की पुढची तारीख, असा मेल आला. पुढची तारीख घेतली: ११ जानेवारी २०२५. डॉक्टरचं सर्टिफिकेट तीस दिवसांच्या आतलं हवं, त्यामुळे पुन्हा तीनशे रुपये. या वेळी डॉक्टरने न विचारता शिक्का मारला.

९ जानेवारीला, गुरुवारी पहाटे, साखळीहून आतेभावाला घेतलं आणि केरीवरून चोर्ला घाट चढलो. बेळगावला राष्ट्रीय महामार्ग ४८ लागतो तो थेट ट्रॅकच्या दारापर्यंत जातो. हुबळी, चित्रदुर्ग, तुमकुरू, बंगळुरू, वेल्लोर, सगळं त्याच एका रस्त्यावर. तुमकुरूला मुक्काम, शुक्रवारी संध्याकाळी श्रीपेरुंबुदूर. साधारण ९२० किलोमीटर. ट्रेलरवर गाडी पाठवायचा विचार केला होता, पण भाव ऐकून सोडून दिला. चालवत नेली तर एक पथ्य: येण्याइतके टायर आणि ब्रेक शिल्लक ठेवायचे. परतीची गाडी हीच आहे, हे दिवसभर डोक्यात राहतं, आणि ते बरंच असतं.

शनिवारी सकाळी साडेसहाला गेटवर. गाडी तपासणीला लागली. पुढच्या बंपरमध्ये ओढून नेण्याचा हूक घट्ट बसवलेला हवा; तो डिकीतल्या अवजारांत असतो, पण बंपरवरचं झाकण उन्हाने घट्ट बसलेलं, ते काढायला वीस मिनिटं गेली. घरीच एकदा काढून बघा. मग गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर: छत्री, पाण्याची बाटली, पायपुसणी, टोलच्या पावत्या. शेवटी तपासनिसाने डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे बोट दाखवलं. चिकटवलेला आहे म्हटलं. त्याने एका बोटाने ढकलला, गणपती पडला. आतेभावाने तो रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला आणि दिवसभर तसाच फिरला.

माझा प्रशिक्षक पन्नाशीचा, स्वतः अनेक वर्षं शर्यती केलेला. इंग्रजी आणि मोडकं हिंदी. पहिला प्रश्न, "काम काय करता?" सीए म्हटल्यावर खूश झाला. "मग सोपं आहे. टायरची पकड हे एक खातं समजा. ब्रेक, वळण आणि ॲक्सिलरेटर, तिघेही त्याच खात्यातून काढतात. वळताना नव्वद रुपये खर्च केले तर ॲक्सिलरेटरला दहाच उरतात. तुम्ही पन्नास काढायला गेलात की ओव्हरड्राफ्ट. आणि ओव्हरड्राफ्ट झाला की," त्याने डॅशबोर्डवर टिचकी मारली, "हा पिवळा दिवा."

मी आजवर त्या दिव्याबद्दल खूप वाचलं होतं, पण इतक्या थोडक्यात कुठे सापडलं नव्हतं. यंत्रणा अशी: प्रत्येक चाकाशी वेग मोजणारा सेन्सर असतो, एबीएसला, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, लागतो तोच. मागची चाकं पुढच्यांपेक्षा भलतीच जोरात फिरायला लागली की संगणकाला कळतं, ही घसरतायत. मग तो इंजिनाचा दम कमी करतो आणि घसरणाऱ्या चाकाला स्वतःच ब्रेक लावतो. हे झालं ट्रॅक्शन कंट्रोल. त्याचा थोरला भाऊ स्टॅबिलिटी कंट्रोल. स्टीअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय, याची तो सांगड घालतो. मागचा भाग बाहेर निघाला तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करतो. आमच्या गाडीत दोघे मिळून डीएससी, म्हणजे डायनॅमिक स्टॅबिलिटी कंट्रोल, या नावाने राहतात. डीटीसीचं बटण एकदा दाबलं की दोघेही जरा उशिरा जागे होतात. दाबून धरलं की झोपी जातात. एबीएस मात्र चालूच राहतं.

"बंद कधी करायचं?" आतेभावाने बाहेरून विचारलंच. प्रशिक्षक म्हणाला, आज बहुधा नाही.

पहिलं सत्र, नऊ वाजता. डीएससी पूर्ण चालू. मला वाटलं होतं की मी बऱ्यापैकी चालवतो. चोर्ला घाट मला पाठ आहे. पहिली फेरी नुसती ओळखीची. दुसऱ्या फेरीपासून तो डॅशबोर्डवर बोट आपटायला लागला. दिवा लुकलुकला की टक. वळणातून बाहेर पडताना टक, टक. फेरी संपली तेव्हा म्हणाला, "तेवीस." बारा वळणं, तेवीस वेळा.

आतून ते कसं वाटतं ते सांगतो, कारण मला आधी वाटायचं की दिवा लागला म्हणजे आपण जोरात जातोय. वळणाच्या मध्यावर मी घाईने पाय दाबायचो. इंजिन अर्धा क्षण उसळायचं आणि लगेच धाप लागल्यासारखं बसायचं. मागून, आतल्या चाकाच्या बाजूने, करकर-करकर असा बारीक आवाज: संगणक ब्रेक लावतोय, सोडतोय. पाय तळाशी, आणि गाडी मात्र चोडणच्या धक्क्यावरच्यासारखी रखडलेली. मग सरळ रस्ता लागला की यंत्रणा सोडते आणि गाडी उडी मारते. म्हणजे आपण जोरात दाबल्याने हळू जात असतो. प्रशिक्षकाने एका फेरीत मला सांगितलं, या वळणावर अर्धाच पाय. दिवा लागला नाही, आणि पुढच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी स्पीडोमीटरचा काटा आधीपेक्षा पुढे होता. आकडा सांगत नाही. इतरांच्या तुलनेत तो काही सांगण्यासारखा नव्हता. एक तरणी मुलगी साध्या हॅचबॅकमधून मला दोनदा ओलांडून गेली.

सत्र संपल्यावर एक फेरी ब्रेक न लावता हळू घ्यायची, म्हणजे ब्रेक आणि टायर निवतात. नंतर हँडब्रेक लावायचा नाही, तापलेल्या डिस्कवर पॅड चिकटतात. चाकाखाली लाकडी पाचर ठेवायची. आमच्याकडे पाचर नव्हती. आतेभावाने कुठून तरी वीट पैदा केली. टायरची हवा थंड असताना तीसवर होती, ती छत्तीसच्या पुढे गेलेली. थोडी काढली. परतताना पुन्हा भरायची आठवण ठेवा.

दुसऱ्या सत्राचं काम एकच: दिवा कमी करायचा. बटणाला हात नाही, नुसता पाय. जेवढं स्टीअरिंग सरळ होत जाईल तेवढाच पाय खाली. दोन्ही हात आणि उजवा पाय एकाच दोरीला बांधलेत असं समजायचं. हे ऐकायला सोपं. उजवा पाय वीस वर्षं स्वतःच्या मर्जीने वागलेला असतो, तो ऐकत नाही. तिसऱ्या फेरीत चौदा. चौथ्या फेरीत नऊ. मला आत कुठे तरी फुशारकी चढली असावी, कारण पाचव्या फेरीत एका डाव्या वळणाआधी मी ब्रेक उशिरा लावला. स्टीअरिंग वळवलं, नाक वळेचना. दिवा पेटला होता, यंत्रणा आपल्या परीने आतल्या चाकाला ब्रेक लावत होती, पण खात्यात काही शिल्लकच नव्हतं. गाडी शांतपणे, जवळजवळ सभ्यपणे, डांबर सोडून गवतात गेली आणि थांबली. आवाज फक्त मातीचा. प्रशिक्षक म्हणाला, "हा दिवा पायासाठी आहे. डोक्यासाठी नाही."

झेंडा दाखवून आम्हाला आत बोलावलं. खाली वाकून तपासलं, रेडिएटरच्या जाळीतून मूठभर गवत काढलं, बोल्ट पुन्हा आवळले. माझे हात थरथरत होते आणि ते लपवायला मी हातमोजे काढत नव्हतो. आतेभावाने फ्लास्कमधला चहा दिला. त्याने खिशातून गणपती काढून बघितला आणि पुन्हा ठेवला.

दुपारी वाचायला वेळ मिळाला तेव्हा शेजारच्या तंबूत चर्चा चालली होती, की खरा ड्रायव्हर ट्रॅक्शन कंट्रोल लावत नाही. हे मी गोव्यातही ऐकलंय, बहुधा अशांकडून जे स्वतः स्कूटरवर असतात. फॉर्म्युला वनमध्ये १९९४ ला यंत्रणेवर बंदी आली, २००१ च्या स्पॅनिश ग्रांप्रीपासून ती पुन्हा चालू झाली आणि २००८ पासून परत बंदी. म्हणजे जगातल्या सर्वांत कुशल चालकांनाही ती नियमाने काढून घ्यावी लागली. आपण होऊन कुणी सोडली नव्हती.

तिसरं सत्र, अडीच वाजता. ऊन चांगलं होतं, डांबर तापलेलं. प्रशिक्षकाने स्वतः डीटीसी दाबलं. "आता दिवा उशिरा लागेल. तोवर गाडी तुमच्याशी बोलेल, ते ऐका." दोन फेऱ्या काहीच नाही. मग एका मंद उजव्या वळणातून बाहेर पडताना पाठीखालची सीट डावीकडे सरकल्यासारखी वाटली. डोळ्यांना काही दिसलं नव्हतं, कानांना ऐकू आलं नव्हतं, कमरेला कळलं. आणि मी नेमकी करायची नाही ती गोष्ट केली, पाय एकदम उचलला. वजन पुढे गेलं, मागची चाकं आणखी हलकी झाली, गाडी आणखी फिरली. मग दिवा, पुढच्या बाजूने एक कडक झटका, आणि नाक सरळ. सगळं मिळून एका श्वासाएवढं. डीएससी पूर्ण चालू असताना हे घसरणं माझ्यापर्यंत पोचतच नव्हतं. त्याच्या आधीच कुणी तरी आवरून घेत होतं. यंत्रणा पूर्ण बंद असती तर मी आणि गाडी कुठल्या दिशेला तोंड करून थांबलो असतो, कोण जाणे.

"पाय उचलू नका, फक्त दाबणं थांबवा," तो म्हणाला. पुढच्या तीन फेऱ्या मी तेवढंच करत होतो. एकदा जमलं. सीट सरकली, पाय तिथेच थांबवला, हात आपोआप थोडे उलट गेले, आणि गाडी दिव्याशिवाय सावरली. त्याने बोट आपटलं नाही, नुसती मान हलवली. तिसऱ्या सत्राची शेवटची फेरी: पाच.

आत आल्यावर एक जळका वास येत होता. मागच्या रिमांवर काळी भुकटी, पुढच्यांपेक्षा कितीतरी जास्त. एरवी गाडीचे पुढचे ब्रेक आधी झिजतात. इथे उलटं, कारण दिवसभर मी वळणात घाई करत होतो आणि संगणक दर वेळी मागच्या आतल्या चाकाला ब्रेक लावून ती निस्तरत होता. आमच्या गाडीत डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर, साधं आहे. घसरणाऱ्या चाकाची ताकद दुसऱ्याकडे पाठवायचं कामही हे ब्रेकच करतात. तेवीस टिचक्यांचा हिशेब पॅडवर लिहिलेला होता. बॅटरीने आत डोकावून प्रशिक्षक म्हणाला, घरी पोचायला पुरतील, पण चौथं सत्र निम्मं करू या.

चौथ्या सत्रात डीएससी पुन्हा पूर्ण चालू आणि चारच फेऱ्या. थकल्यावर यंत्रणा सैल करायची नाही, असा त्याचा नियम. चुका संध्याकाळी होतात. आतेभाऊ कुंपणाला टेकून मोबाइलमध्ये टिपत होता. त्याचीही दोन सत्रं घ्यायची होती, पण चालक म्हणून त्याचं वेगळं नाव घातलेलं नव्हतं आणि आयत्या वेळी घेत नाहीत. एका गाडीवर दोघे चालवणार असाल तर दोघांचे कागद आधीच द्या. चूक माझी. ९२० किलोमीटर त्याने मला ती जाणवू दिली नाही, हे त्याचं मोठेपण. पेट्रोलचं सांगायचं राहिलं: ट्रॅकवर जेमतेम तीनचं ॲव्हरेज, दुपारच्या सुटीत बाहेर महामार्गावर जाऊन भरावं लागलं.

रविवारी निघून सोमवारी, भोगीच्या दिवशी, म्हापशाला पोचलो. मुक्काम, टोल, पेट्रोल धरून ६३,००० च्या आसपास गेले. बायकोने गाडीभोवती एक चक्कर मारली, जाळीत राहिलेली एक गवताची काडी काढून माझ्या हातात दिली आणि आत गेली.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन चोडणला गेलो. ओहोटीच होती. धक्क्यावर दिवा एकदा लुकलुकला, मी पाय होता तिथे थांबवला.

मिस्त्रीने मागचे पॅड मोजले, तीन मिलिमीटर उरलेले. नवे मागवले, यायला तीन आठवडे लागले. आतेभावाने दरम्यान पुढच्या तारखेसाठी स्वतःचं नाव घातलं, डॉक्टरकडून शिक्क्यासकट सर्टिफिकेट आणलं, आणि पॅड बसवायच्या दिवशी गॅरेजमध्ये हजर झाला. माझ्या आधी ड्रायव्हरच्या सीटवर बसला. बोट त्या बटणावर.

"आता तरी सांग, किती सेकंद?"

"पडद्यावर 'डीएससी ऑफ' उमटेपर्यंत," मी म्हटलं, आणि पॅडचं बिल त्याच्या मांडीवर ठेवलं. अर्धं त्याचं आहे.